अंतःकरणाचा झाडा

मुंबईहून पुण्यास जाणारा जुना हमरस्ता पनवेल मागें टाकून खालापूर तालुक्यांत शिरला, म्हणजे चौक या गांवाजवळ लोधिवली लागतें. भोवतीं माथेरान, प्रबळ आणि माणिकगड यांचे डोंगर, खालीं भातशेतें आणि पुढें बोरघाटाची चढण. त्या घाटांत १८३० सालीं मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनीं चाकांच्या गाड्यांसाठीं रस्ता खुला केला. पुढें १८६३ सालीं शेजारच्या कर्जतहून आगगाडीही घाट चढूं लागली. तेव्हांपासून कोंकण आणि देश यांच्यामध्यें जें कांहीं गेलें आलें, तें बहुतेक याच पट्ट्यांतून. धान्य गेलें, कापूस आला, फौजा गेल्या, वर्तमानपत्रें गेलीं. आणि नवे धर्मविचारही याच वाटेनें गेले. १८९० सालीं पंडिता रमाबाईंनीं आपलें शारदासदन मुंबईहून पुण्यास हलविलें, तें हाच घाट चढून.

रमाबाईंचें नांव निघालें म्हणजे त्यांची विद्वत्ता आठवते, त्यांचा प्रवास आठवतो, त्यांनीं निराश्रित स्त्रियांसाठीं उभारलेलें कार्य आठवतें. त्यांच्या स्वभावांतील एका गोष्टीकडे मात्र सहसा लक्ष जात नाहीं. ती गोष्ट म्हणजे आपल्याच अंतःकरणाचा झाडा घेण्याची त्यांची संवय. ज्याप्रमाणें हिशेबनीस दुसऱ्याच्या दप्तराचा झाडा घेतो, कसर कोठें लपली आहे हें पाहतो आणि आंकडा जुळला नाहीं तर तसें लिहून ठेवतो, त्याप्रमाणें स्वतःच्या मनाचें दप्तर ईश्वरासमोर उघडून ठेवणें ही ख्रिस्ती जीवनांतील एक जुनी साधना आहे. ती मराठी मुलुखांत कशी आली आणि येथील माणसांच्या हातीं तिला कोणतें रूप आलें, हें पाहण्यासारखें आहे.

कबुली दोन प्रकारची असते. न्यायालयांत आरोपी अपराध कबूल करतो, तेव्हां ऐकणाऱ्याला तो अपराध ठाऊक नसतो, किंवा ठाऊक असला तरी सिद्ध करतां येत नाहीं. तेथें कबुली ही एक माहिती असते. परंतु सर्वज्ञ ईश्वरासमोर कबुली देऊन त्याला कोणती नवी माहिती मिळणार? तेव्हां या दुसऱ्या कबुलीनें नवें ज्ञान होतें तें ऐकणाराला नव्हे, बोलणाराला. बायबलांतील दावीद राजाची कथा याच मर्मावर बोट ठेवते. दावीदानें उरीया नांवाच्या आपल्या शिपायाची बायको हिरावून घेतली आणि त्याला लढाईंत मारविलें. पुढें नाथान नांवाचा संदेष्टा त्याच्याकडे आला आणि त्यानें एक गोष्ट सांगितली : एका श्रीमंताजवळ पुष्कळ मेंढरें असतांना त्यानें पाहुण्यासाठीं गरिबाची एकुलती एक लाडकी मेंढी कापली. दावीद संतापला, असा मनुष्य मरणास पात्र आहे असें त्यानें ठरविलें. तेव्हां नाथान म्हणाला कीं, तो मनुष्य तूंच आहेस. राजाची न्यायबुद्धि जागी होती, तिची धार बोथट झाली नव्हती. ती फक्त स्वतःकडे वळली नव्हती. आत्मपरीक्षणांतील पहिली अडचण ही आहे. सगळ्यांचे दोष पाहणाऱ्या डोळ्याला तो डोळा दिसत नाहीं.

दुसरी अडचण मोघमपणाची. ‘मी मोठा पापी आहें’ असें म्हणणें सोपें असतें, कारण त्यांत कांहींच सांपडत नाहीं. उत्तर आफ्रिकेंतील हिप्पो येथील बिशप ऑगस्टीन यानें इसवी सन ४०० च्या सुमारास आपल्या जीवनाची कबुली लिहिली. तीत सोळाव्या वर्षीं केलेल्या एका चोरीविषयीं त्यानें बराच मजकूर खर्च केला आहे. चोरी कशाची? शेजारच्या झाडाच्या नासपतींची! भूक नव्हती, फळें चांगलीं नव्हतीं, चोरलेलीं बहुतेक फळें पोरांनीं डुकरांपुढें टाकलीं. मग चोरी केली कशासाठीं? हा प्रश्न ऑगस्टीननें सोडला नाहीं. सोबती नसते तर आपण हें केलें नसतें, आणि जें करूं नये तें करण्यांतच आपल्याला गोडी वाटली, येथवर तो येऊन पोहोंचला. एवढ्याशा कृत्याला त्याचें स्वतःचें नांव देऊन त्याच्या मुळापर्यंत खणीत जाणें, हा धडा पुढील पंधराशें वर्षें ख्रिस्ती लेखकांनीं गिरविला.

धर्मसंस्थेनें या साधनेला नियम घालून दिले. १२१५ सालीं रोम येथील लॅटरन परिषदेनें ठरविलें कीं, जाणत्या वयाच्या प्रत्येक ख्रिस्ती मनुष्यानें वर्षांतून निदान एकदां धर्मगुरूजवळ आपलीं पापें सांगितलींच पाहिजेत. आणि ऐकणाऱ्या धर्मगुरूनें तीं कोणाजवळही उघड करतां कामा नयेत. पुढें सोळाव्या शतकांत इग्नेशियस लॉयोला यानें आपल्या अनुयायांना रोजच्या परीक्षणाची पद्धति घालून दिली. दुपारीं एकदां व रात्रीं एकदां मनुष्यानें थांबावें. प्रथम मिळालेल्या कृपेबद्दल ईश्वराचे आभार मानावे, मग प्रकाश मागावा, मग घटकेमागून घटका दिवस तपासावा, चुकलें असेल त्याबद्दल क्षमा मागावी आणि शेवटीं सुधारण्याचा निश्चय करावा. एखादा विशिष्ट दोष काढावयाचा असेल तर वहींत रेघा आंखून, तो दोष जितक्या वेळां घडला तितके ठिपके द्यावे आणि आजचे ठिपके कालच्यापेक्षां कमी झाले कीं नाहींत हें पाहावें. इग्नेशियस पूर्वी शिपाई होता. युद्धांत कवाईत लागते, तशी अंतःकरणालाही लागते, हें त्यानें ओळखलें होतें.

याच जेझुइट संघाचे साधु १५४२ पासून गोव्यांत येऊं लागले. त्यांच्यापैकीं थॉमस स्टीफन्स हा इंग्रज १५७९ सालीं आला आणि येथील भाषा शिकून त्यानें मराठी ओंव्यांत ख्रिस्तपुराण रचिलें. तें १६१६ सालीं रायतूर येथें छापलें गेलें. त्या काळीं गोव्याच्या कोंकणींत एक शब्द रुळला, ‘कुमसार’. कबुलीच्या पोर्तुगीज शब्दाचें हें देशी रूप. वसई, चौल, कोरलई या बाजूसही पोर्तुगीज अंमलांत कबुलीचा विधि आला. पुढें १७३९ मध्यें चिमाजी आप्पांनीं वसई जिंकली. राज्य गेलें, परंतु तेथील ख्रिस्ती लोकांनीं देवळें आणि त्यांतील विधि राखले. परका शब्द जिभेवर मुरला, म्हणजे त्यामागची कल्पना घरांत आली असें समजावयास हरकत नाहीं.

पापाच्या कबुलीची कल्पना या किनाऱ्यावर ख्रिस्ती धर्मामुळेंच आली, असें मात्र नव्हे. पूर्वीच्या कुलाबा व आतांच्या रायगड जिल्ह्यांतील गांवोगांवीं बेने इस्रायल लोक कित्येक शतकें राहत आले. शनिवारीं घाणा बंद ठेवीत म्हणून शेजारीपाजारी त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांच्या वर्षांतील एक दिवस दार बंद करण्याचा सण म्हणून ओळखला जाई. त्या दिवशीं घरांतील लहानथोर पांढरीं वस्त्रें नेसत, उपास करीत, दार लावून आंत बसत आणि कोणाशीं व्यवहार ठेवीत नसत. यहुदी लोकांचा जो प्रायश्चित्ताचा दिवस, तो हाच. ग्रंथ जवळ नसतां, गुरु जवळ नसतां, बाहेरच्या जगाशीं संबंध तुटला असतांही दार लावून ईश्वरासमोर बसण्याची ही आठवण त्यांच्यांत टिकून राहिली. तिकडे देशावर संतांनींही अनुतापाचा मार्ग मोकळा केला होता. तुकाराममहाराजांनीं आपले दोष विठ्ठलापुढें जितक्या निर्भीडपणें मांडले, तितक्या निर्भीडपणें दुसऱ्याचे दोषही फार थोड्यांना मांडतां आले असतील. रेव्हरंड नारायण वामन टिळक पुढें म्हणत असत कीं, आपण ख्रिस्ताकडे आलों ते तुकोबांच्या सेतूवरून. त्या म्हणण्यांत पुष्कळ अर्थ आहे. जमीन नांगरलेली होती.

एकोणिसाव्या शतकांत अमेरिकन व स्कॉटिश मिशनरी आले, ते प्रॉटेस्टंट पंथाचे. या पंथाचा मूळपुरुष मार्टिन लूथर यानें १५१७ सालीं मांडलेल्या पंचाण्णव प्रमेयांपैकीं पहिलेंच प्रमेय असें होतें कीं, ख्रिस्ती मनुष्याचें सगळें आयुष्यच पश्चात्तापाचें असावें. वर्षांतून एकदां नव्हे, रोज. आणि धर्मगुरूच्या कानांत नव्हे, थेट ईश्वराजवळ. यांत स्वातंत्र्य मोठें, पण जोखीमही मोठी. समोर ऐकणारा मनुष्य नसला म्हणजे आरोपी तोच, वकील तोच आणि न्यायाधीशही तोच. असा मनुष्य एक तर स्वतःवर फार लवकर मेहेरबान होतो, नाहीं तर स्वतःला नाहक छळतो. हा तोल कसा सांभाळावा, हा प्रश्न मराठी ख्रिस्ती माणसांपुढें आला आणि त्यांनीं तो आपापल्या परीनें सोडविला.

त्यांत प्रथम नांव घ्यावयाचें तें बाबा पदमनजी यांचें. १८३१ सालीं बेळगांवास त्वष्टा कासार जातींत त्यांचा जन्म झाला. मुंबईस शिकत असतां ते परमहंस सभेंत जाऊं लागले. जातिभेद मोडावा या हेतूनें निघालेली ही सभा गुप्त होती. सभासद बंद दाराआड एकत्र बसून निषिद्ध मानलेलें अन्न खात आणि बाहेर पडल्यावर पुन्हां आपापल्या जातीचे नियम पाळीत. हेतु स्तुत्य, परंतु रात्रीं एक आणि दिवसा एक असें दुहेरी जीवन त्या तरुणांच्या वांट्यास आलें. पदमनजींच्या मनांतही अशीच फारकत होती. ख्रिस्ती धर्म खरा वाटत होता, पण आईबापांच्या दुःखाची, जातीच्या कोपाची आणि स्वतःच्या हालांची भीति पुढें पाऊल टाकूं देत नव्हती. शेवटीं १८५४ च्या सप्टेंबरांत त्यांनीं बेळगांवास बाप्तिस्मा घेतला. तीस वर्षांनंतर, १८८४ मध्यें, त्यांनीं ‘अरुणोदय’ हें आत्मचरित्र प्रसिद्ध केलें. मराठींतील अगदीं आरंभींच्या आत्मचरित्रांत त्याची गणना होते. त्या पुस्तकाचें मोल लेखकानें धर्म बदलला एवढ्यापुरतें नाहीं. आपली चालढकल, आपली भीति, आपली फसवणूक कोणत्या वेळीं कोणत्या रूपानें आली, हें एका मराठी गृहस्थानें गद्यांत लिहून छापलें, यांत तें आहे. आपल्या भाषेंत ‘मी चुकलों’ हें वाक्य अभंगांतून गद्यांत आलें, त्याचा हा एक आरंभ होय.

रमाबाईंची कथा याहून गुंतागुंतीची आहे. १८५८ सालीं अनंतशास्त्री डोंगरे यांच्या घरीं त्यांचा जन्म झाला. वडिलांनीं लोकापवाद सोसून पत्नीला व मुलीला संस्कृत शिकविलें. पुराणें सांगत, तीर्थें करीत सारें कुटुंब देशभर हिंडलें आणि १८७७ च्या आगेमागेच्या दुष्काळांत आईबाप व बहीण एकामागून एक गेलीं. भावाबरोबर पायीं हिंडत रमाबाई कलकत्त्यास पोहोंचल्या. तेथील पंडितांनीं त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. भाऊ गेला, लग्न झालें, मुलगी झाली आणि दोन वर्षांच्या आंत पतीही गेला. १८८३ मध्यें लहानगी मनोरमा हिला घेऊन त्या इंग्लंडला वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनीसंघांत राहावयास गेल्या आणि त्याच वर्षीं २९ सप्टेंबर रोजीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला.

येथून पुढें जें घडलें तें त्यांच्या यजमानांच्या कल्पनेंत नव्हतें. नवदीक्षित शिष्येनें शिकवितील तें घ्यावें, ही साहजिक अपेक्षा. परंतु रमाबाई प्रश्न विचारूं लागल्या. त्रैक्याचा सिद्धांत शास्त्रांत कोठें आहे? परिषदांनीं रचलेल्या श्रद्धावचनांपैकीं जें पटत नाहीं तें ओंठांनीं म्हणावें काय? हिंदुस्थानांत काम करणाऱ्या भगिनींच्या क्रुसावर लॅटिन अक्षरें कशाला. संस्कृत कां नसावीं? त्यांची धर्ममाता सिस्टर जेराल्डिन हिच्याशीं या प्रश्नांवरून त्यांचा मोठा पत्रव्यवहार झाला. तो १९७७ सालीं महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृति मंडळानें प्रसिद्ध केला. जेराल्डिनला या प्रश्नांत गर्व दिसला. आत्मपरीक्षण करा, नम्र व्हा, असें तिचें सांगणें होतें. रमाबाईंनीं आत्मपरीक्षण केलेंही. परंतु त्यांना आढळलें तें निराळें. जें आपल्याला पटलेलें नाहीं तें पटलें असें ईश्वरासमोर म्हणणें हेंच पाप होय, अशी त्यांची खात्री झाली. ज्यांच्या घरचें अन्न खात आहोंत, ज्यांच्यावांचून परमुलुखांत कोणी आपलें नाहीं, त्यांना हें सांगणें सोपें नव्हतें. नम्रता आणि खरेपणा यांच्यांत निवड करण्याची पाळी आली, तेव्हां त्यांनीं खरेपणा राखला. आणि खरी नम्रता तीच असावी, कारण मान्यतेचा लोभ तिच्यांत नव्हता.

या बाणेदारपणाची खरी परीक्षा पुढें झाली. दुसऱ्यांच्या मताला नाहीं म्हणणें एक गोष्ट. स्वतःच्या प्रतिष्ठेला नाहीं म्हणणें दुसरी. १८८६ मध्यें त्या अमेरिकेस गेल्या, तेथें त्यांनीं हिंदु स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहिलें, साहाय्य मिळविलें आणि १८८९ च्या मार्चांत मुंबईस शारदासदन काढलें. देशांत आणि परदेशांत त्यांचें नांव झालें होतें. अशा वेळीं, १८९१ च्या सुमारास, त्यांच्या हातीं विल्यम हॅस्लम नांवाच्या इंग्रज धर्मोपदेशकाचें आत्मकथन आलें. हा हॅस्लम १८५१ मध्यें कॉर्नवॉल येथील आपल्या देवळांत व्यासपीठावर उभा राहून उपदेश करीत असतां, आपण लोकांना जें सांगत आहोंत तें आपल्याजवळच नाहीं असें त्याच्या ध्यानांत आलें आणि स्वतःच्या प्रवचनानें तो स्वतःच पालटला. तें वाचून रमाबाईंनीं आपलें दप्तर पुन्हां उघडलें. बाप्तिस्म्याला आठ वर्षें झालीं होतीं. त्यांना कबूल करावें लागलें कीं, आपण ख्रिस्ती धर्म बुद्धीनें स्वीकारला. ख्रिस्ताची भेट अजून झाली नाहीं. १९०७ सालीं लिहिलेल्या आपल्या साक्षींत त्यांनीं हें स्पष्ट नमूद केलें आहे. ज्या धर्मांतरावरून सबंध महाराष्ट्रांत रण माजलें होतें, ज्याच्यासाठीं स्वकीय दुरावले होते, तें धर्मांतर अपुरें होतें असें जाहीरपणें लिहावयास केवढें धैर्य लागतें! टीकाकारांच्या हातीं याहून चांगलें शस्त्र कोणतें द्यावें? परंतु आंकडा जुळत नव्हता, म्हणून त्यांनीं तसें लिहून ठेवलें.

तितक्यांत १८९३ चें वादळ उठलें. शारदासदनांत धर्मशिक्षण द्यावयाचें नाहीं, असा मूळ करार होता. रमाबाई स्वतः प्रार्थना करीत त्या वेळीं त्यांच्या खोलीचें दार उघडें असे आणि कांहीं मुली तेथें येऊन बसत. यावरून पुण्यांत रान उठलें. रानडे, भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनीं सल्लागार मंडळाचें अंग सोडलें आणि बऱ्याच मुली पालकांनीं काढून नेल्या. या वादांत दोन्ही बाजूंना बोलण्यासारखें होतें. आपली श्रद्धा लपवून ठेवणें रमाबाईंना अप्रामाणिकपणाचें वाटे. तर ज्यांना दुसरा आसरा नाहीं अशा मुली आपल्या आश्रयदात्रीच्या प्रार्थनेकडे वळल्या, तर तो त्यांचा स्वतंत्र निर्णय मानावा काय, असा टीकाकारांचा प्रश्न होता. तो प्रश्न आजही तितकाच खरा आहे, आणि पुढील घटनेकडे पाहतांना तो विसरून चालणार नाहीं.

१८९६-९७ च्या दुष्काळांत रमाबाई मध्यप्रांतांत गेल्या आणि निराधार मुली घेऊन परतल्या. पुण्याच्या पूर्वेस, दौंडच्या वाटेवर केडगांव येथें त्यांनीं घेतलेल्या जमिनीवर ‘मुक्ति’ उभी राहिली. १९०० च्या दुष्काळानंतर तेथील स्त्रियामुलींची संख्या दोन हजारांच्या जवळपास गेली. १९०५ च्या आरंभीं रमाबाईंनीं एक प्रार्थनामंडळ सुरू केलें. प्रथम सुमारें सत्तर जणी येत, जूनपर्यंत ही संख्या साडेपांचशेंवर गेली. त्याच सुमारास वेल्समध्यें आणि आसामांतील खासी टेंकड्यांतही धर्मजागृतीच्या लाटा उठल्या होत्या व त्यांच्या बातम्या केडगांवीं येत होत्या. ३० जून रोजीं रमाबाई आपल्या नेहमींच्या शांत रीतीनें योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय शिकवीत होत्या. एकाएकीं मुली रडूं लागल्या, गुडघे टेंकून आपापलीं पापें बोलूं लागल्या. शाळेचे धडे थांबले. कित्येक दिवस प्रार्थना, पश्चात्ताप आणि क्षमायाचना यांवांचून दुसरें कांहीं चाललें नाहीं.

तो अध्याय कोणता होता, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. व्यभिचारांत धरलेल्या एका स्त्रीला लोक येशूपुढें आणतात आणि तिला दगडांनीं मारावें काय असें विचारतात. ज्यानें पाप केलें नसेल त्यानें पहिला दगड टाकावा, असें येशू सांगतो. तेव्हां वडील माणसांपासून आरंभ होऊन एकेक जण निघून जातो. कोणीही दगड टाकीत नाहीं. आत्मपरीक्षणाचें फळ काय, तें येथें एका प्रसंगांत दिसतें : हातांतील दगड खालीं पडतो. केडगांवच्या त्या मुलींपैकीं कितीजणींना लोकांनीं दगड मारले होते! विधवा म्हणून, दुष्काळांत टाकलेल्या म्हणून, पतित म्हणून. त्यांना आजवर जगानें दोष लाविला होता. आपण होऊन ‘हें माझें चुकलें’ असें म्हणणें ही त्यांच्या आयुष्यांतील निराळीच गोष्ट होती. लादलेला कलंक मनुष्याला वांकवितो. स्वतः ओळखलेला अपराध त्याला जबाबदार करतो.

या प्रकारावर टीका झाली, आणि ती मिशनरी मंडळींतूनही झाली. एवढा आक्रोश, एवढा गोंगाट कशाला, असें कित्येकांना वाटलें. रमाबाईंचें उत्तर असें होतें कीं, हिंदी माणसांच्या भावना हिंदी रीतीनेंच प्रगट होणार. त्यांना पाश्चात्त्य शिष्टाचाराच्या सांच्यांत बसविण्याचा अधिकार आपल्याला नाहीं. वाँटेज येथें लॅटिन अक्षरांना हरकत घेणारी बाई हीच. तथापि टीकेंतील एक अंश खरा मानला पाहिजे. शेंकडों माणसें एकत्र रडूं लागलीं म्हणजे कोणाचें रडणें अंतःकरणांतून आलें आणि कोणाचें शेजारणीकडे पाहून आलें, हें सांगतां येत नाहीं. ज्यांच्या हातचें अन्न खावयाचें त्यांच्यासमोर दिलेल्या कबुलींत भय किंवा आर्जव मिसळलें नसेल, अशी हमी कोण देणार? खुद्द येशूनें प्रार्थनेसाठीं खोलींत जाऊन दार लावून घ्यावयास सांगितलें आहे. चारचौघांत सांगितलेलें पापही मिरविण्याची वस्तु होऊं शकतें.

यावरचा उपायही शुभवर्तमानांतच आहे. वेदीजवळ नैवेद्य घेऊन आल्यावर आठवलें कीं आपल्या भावाच्या मनांत आपल्याविषयीं कांहीं आहे, तर नैवेद्य तेथेंच ठेवावा, आधीं जाऊन भावाशीं समेट करावा आणि मग येऊन तो अर्पावा, अशी येशूची शिकवण आहे. म्हणजे ईश्वरापुढची कबुली ज्याचा अपराध केला त्याच्या दारावरून जाते. इतिहासाला मनें दिसत नाहींत. त्याला दिसतें तें पुढचें वागणें. मुक्तींतील शेंकडों मुली पुढें टोळ्या करून आसपासच्या खेड्यांत प्रार्थनेसाठीं व उपदेशासाठीं जाऊं लागल्या. शेती, छापखाना, विणकाम, आजाऱ्यांची शुश्रूषा हीं कामें चालू राहिलीं. रमाबाईंनीं स्वतः उरलेलें आयुष्य एका शांत कामाला वाहिलें : हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषा शिकून सबंध बायबल साध्या माणसाला कळेल अशा मराठींत आणावयाचें. १९२१ मध्यें मनोरमा गेली. तो घाव सोसून त्यांनीं शेवटचीं मुद्रितें तपासलीं आणि ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांनीं देह ठेवला. तें भाषांतर मुक्तीच्याच छापखान्यांत स्त्रियांच्या हातून छापून निघालें. १९०५ चा आक्रोश खरा होता कीं नाहीं, याचें उत्तर कोणाला हवें असेल, तर तें त्या सतरा वर्षांच्या कामांत शोधावें.

मराठी ख्रिस्ती जीवनांत आत्मपरीक्षणाचें आणखी एक रूप आहे आणि तें हंसरें आहे. नारायण वामन टिळकांनीं १८९५ मध्यें बाप्तिस्मा घेतला, तेव्हां त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलें. पुढें कांहीं वर्षें त्या नवऱ्यापासून वेगळ्या राहिल्या आणि नंतर त्यांच्याकडे परत आल्यावरही सोंवळें पाळीत होत्या. हें सोंवळें कोणी उपदेशानें काढलें नाहीं. जाति ईश्वरानें केल्या कीं माणसानें, असा प्रश्न त्यांनीं आपल्याच मनाला विचारला. उत्तर मिळालें आणि त्याप्रमाणें त्या वागूं लागल्या. १८९० नंतरच्या त्या वादळी काळाची हकीकत त्यांनीं ‘स्मृतिचित्रें’ या पुस्तकांत सांगितली. त्याचा पहिला भाग १९३४ मध्यें निघाला. त्यांत आपला राग, आपला वेडेपणा, आपले गैरसमज त्यांनीं असे उघडे केले आहेत कीं वाचणारा हंसतो आणि हंसतां हंसतां आपल्याच घरांतील सोंवळीं ओंवळीं त्याला आठवूं लागतात. नवऱ्याचे दोषही त्यांनीं झांकले नाहींत. परंतु स्वतःला वगळून ते सांगितले नाहींत, म्हणून त्यांत विखार नाहीं. स्वतः टिळकांनींही १९१७ सालीं मिशनचें वेतन सोडलें, तें असेंच आपल्या जीवनाचा झाडा घेऊन. जें गातों तसें जगतों काय, असा तो प्रश्न होता.

बंद दार, उघडें दार, कानांत सांगितलेलें पाप, वहींतले ठिपके, छापलेलें आत्मचरित्र, समुदायांतला आक्रोश, स्मरणांतलें हंसें. रूपें अशीं निरनिराळीं असलीं तरी या सर्वांची कसोटी एकच आहे. कबुलीनंतर मनुष्य दुसऱ्याशीं पूर्वीपेक्षां अधिक खरेपणानें आणि अधिक मऊपणानें वागूं लागला, तर झाडा नीट घेतला गेला. तो दुसऱ्यांचे दोष पूर्वीपेक्षां अधिक मोजूं लागला, तर दप्तर कोणा दुसऱ्याचेंच उघडलें होतें.

लोधिवलीवरून जाणाऱ्या त्या जुन्या रस्त्यावरील वाहतूक आतां पुष्कळशी द्रुतगति मार्गाकडे वळली आहे. घाट मात्र तोच आहे. त्याच्या पायथ्याशीं कर्जतच्या स्थानकांत गाड्यांना मागून जादा इंजिनें जोडण्यासाठीं मुक्काम करावा लागे; उतारू त्या थांबण्याला कंटाळत, पण त्याच्यावांचून चढ चढत नसे. दिवस संपतांना दिवा मालविण्यापूर्वीं पांच मिनिटें थांबणें, आज कोणाचें मन दुखविलें, कोणतें वाक्य खरें नव्हतें, कोणाचें देणें राहिलें, तें नांवानिशीं ईश्वरासमोर मांडणें आणि सकाळीं त्या मनुष्याच्या दारीं जाणें, एवढीच ही साधना. रमाबाईंनीं तिच्यासाठीं आश्रयदात्यांची मर्जी, लोकांतील मान आणि स्वतःविषयींचें समाधान हीं तीनही वेळोवेळीं खर्चीं घातलीं. त्यांच्या हिशेबांत तो खर्च तोट्याचा ठरला नाहीं.